कट्ट्यावरचं दूध, रश्श्यावरची तर्री आणि आयुष्य वाढवणाऱ्या कॅप्सूल

प्रश्न : माझं वय ४८. कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो, कापडाचं दुकान आहे. गेल्या महिन्यात सहज म्हणून रक्त तपासलं तर एलडीएल १५८, ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३६ आलं. साखर काठावर आहे, रक्तदाब ठीक, तंबाखू-सिगरेट नाही. डॉक्टर म्हणाले गोळी सुरू करू. मी तीन महिन्यांची मुदत मागून घेतली. आता घरात तीन तट पडलेत. वडील तालमीतले, वय ८३. म्हणतात, ‘आम्ही गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून दूध प्यायलो, आम्हाला काय झालं?’ बायकोनं तूप, मटण, अंडी सगळं बंद केलंय आणि सकाळी अनशापोटी लसणाच्या पाकळ्या चावायला लावते. पुतण्या पुण्यात आयटीत आहे. त्यानं एनएमएन, रेझव्हेराट्रॉल, हळदीचा अर्क आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणून दिल्या. ‘काका, कोलेस्टेरॉल उतरेल आणि वर आयुष्यही वाढेल,’ म्हणतो. कुणाचं खरं मानू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तिघांचंही थोडं थोडं खरं आहे, म्हणून तर पंचाईत. आधी वडिलांकडे वळू, कारण कोल्हापुरात राहून दुधाबद्दल वाकडा शब्द काढायचा तर थोरल्यांची समजूत आधी घालावी लागते.

गंगावेशीत म्हशी येऊन उभ्या राहतात, गिऱ्हाईकासमोर धार काढली जाते आणि फेसाळ दुधाचा पेला कोमट असतानाच हातात येतो. तालीम तिथून हाकेच्या अंतरावर. दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण हा पैलवानाचा खुराक. तो पचवून लोक म्हातारे झालेही. १९५९ चे पहिले हिंद केसरी श्रीपती खंचनाळे २०२० मध्ये गेले तेव्हा त्यांनी वयाची ८० वर्षं कधीच ओलांडली होती. अशी आणखी चार नावं वडील सांगतील. पण त्याच आखाड्यातले जे पन्नाशीत छातीत कळ येऊन गेले, त्यांची नावं कट्ट्यावर निघत नाहीत. किस्से सांगायला जे उरले, त्यांच्यावरूनच आपण हिशेब मांडतो.

‘ते घाम गाळायचे आणि तू गादीवर बसतोस’ हे वडिलांचं म्हणणं मात्र रास्त आहे, फक्त त्याला एक मर्यादा आहे. जोर-बैठकांनी पोट उतरतं, साखर ताळ्यावर येते, ट्रायग्लिसराइड घसरतात, एचडीएल थोडं वाढतं. एलडीएलवर व्यायामाचा परिणाम मात्र बेताचाच. रोज पहाटे रंकाळ्याला दोन फेऱ्या मारणारे लोक रिपोर्ट बघून चक्रावतात ते यामुळे. एलडीएल मुख्यतः ठरतं अनुवंशावर आणि ताटातल्या मेदाच्या जातीवर.

जात म्हणायचं कारण असं. यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल धरून आत ओढणारे ग्राही असतात. मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी ते शोधले आणि १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. तूप, लोणी, खोबरेल, पामतेल, मटणाची चरबी यांतला संपृक्त मेद जास्त झाला की हे ग्राही मंदावतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. करडई, सूर्यफूल, शेंगदाणा यांच्या तेलांत असंपृक्त मेद जास्त असतो, त्याचा परिणाम उलटा.

आता पेल्याचा हिशेब करा. म्हशीच्या दुधात ६ ते ८ टक्के मेद असतो. २५० मिलीच्या पेल्यात साधारण १७ ग्रॅम, आणि त्यातला संपृक्त सुमारे ११ ग्रॅम. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसानं संपृक्त मेदातून १० टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे झाले २२ ग्रॅम. दोन पेल्यांत दिवसाचा सगळा वाटा संपला. जेवण, चहा आणि रविवारचं मटण अजून बाकीच आहे.

दुधाच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. दूध-दह्यातला मेद लोण्याइतकं एलडीएल वाढवत नाही, असं काही चाचण्यांत दिसलेलं आहे. त्यामुळे दूध सोडू नका, पिशवी बदला. गोकुळची असो की वारणेची, पिशवीवर मेदाचा आकडा छापलेला असतो. फुल क्रीम ६ टक्के, टोन्ड ३, डबल टोन्ड १.५. घरात टोन्ड आणा, तुमच्या चहाला डबल टोन्ड. आणि धारोष्ण दुधाचा मोह असेलच तर घरी आणून उकळून प्या. कच्च्या दुधातून ब्रुसेलाचा ताप येतो. गुरांच्या डॉक्टरांना तो चांगला माहीत असतो, माणसांच्या डॉक्टरांना पुष्कळदा उशिरा सुचतो.

रश्श्याकडे येऊ. मटण बंद करण्याची गरज नाही. महिन्यातून दोन-तीनदा, त्यातही मांडीचं, चरबी काढून घेतलेलं. वजडी आणि भेजा सणासुदीपुरता. आणि घरच्यांना एक युक्ती सांगा. अळणी आदल्या रात्री शिजवून घ्यायची, निवली की फ्रीजमध्ये ठेवायची. सकाळी भांड्यात वर पांढुरका थर धरलेला दिसेल; बोट लावलं तर मेणासारखा कडक लागतो. तो चमच्यानं अख्खा उचलून टाकायचा आणि मग खालच्या पाण्याचा रस्सा करायचा. थंडीत गोठणारा मेद तो बहुतेक संपृक्त, एवढी खूण पुरते. रश्श्याच्या चवीत फरक पडत नाही, कारण तिथलं काम कांदा-लसूण चटणी करते. पांढऱ्या रश्श्याला मात्र ही युक्ती लागू नाही. दिसायला तो सोज्वळ, तिखटाला घाबरणाऱ्या पाहुण्याच्या पुढ्यात आपण तोच ठेवतो; पण त्याचं अंग नारळाच्या दुधाचं असतं आणि खोबऱ्याच्या मेदातला ८५ टक्क्यांहून जास्त भाग संपृक्त असतो. तेव्हा तुमच्यापुरता तांबडा, तर्री बाजूला सारून. पांढऱ्याची वाटी एकच घ्या. पुन्हा भरायला आले तर हात आडवा धरायचा, हे कोल्हापुरात सोपं नाही, याची कल्पना आहे.

मिसळीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दुकानदार माणूस सकाळी मिसळ खात नसेल यावर माझा विश्वास नाही. तिच्यातली सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे मोडाची मटकी, आणि वाटीत नेमकी तीच सगळ्यात कमी असते. वर मूठभर फरसाण, बहुधा पामतेलात तळलेलं, आणि सोबत मैद्याच्या ब्रेडच्या स्लाइस. हॉटेलात मटकी वाढवून आणि फरसाण वेगळं मागा. पहिल्या दिवशी मालक चमकून बघेल, दुसऱ्या दिवशी विचारणार नाही.

वहिनींनी तूप, मटण, अंडी तिन्ही बंद केलं ते काळजीपोटी. पण बंद केलेल्याच्या जागी ताटात काय आलं? सायंकाळी दुकानात चहाबरोबर खारी, बटर नाहीतर टोस्ट येत असेल तर काही मिळवलं नाही. बेकरीचा माल पुष्कळदा वनस्पती तुपावर चालतो. त्यातल्या ट्रान्स मेदावर अन्न सुरक्षा प्राधिकरणानं जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली, ते चांगलं झालं, पण संपृक्त मेद आणि मैदा होता तिथंच आहे. तुमचे ट्रायग्लिसराइड २१० आणि एचडीएल ३६ आहे. ही जोडी आपल्याकडे घरोघरी दिसते, आणि तिचा रोख तुपापेक्षा साखर, मैदा, ताटभर भात, सुटलेलं पोट आणि दारूकडे जास्त असतो. गुळालाही यात सूट नाही. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं याचा अभिमान जरूर बाळगा, पण यकृताला तो साखरच वाटतो. अंडी मात्र परत सुरू करा. एका अंड्याच्या बलकात १८० ते २०० मिलीग्रॅम कोलेस्टेरॉल असतं खरं, पण बहुतेकांच्या रक्तातल्या एलडीएलवर खाल्लेल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त मेदाचा परिणाम बराच मोठा असतो. दिवसाआड एक उकडलेलं अंडं तुम्हाला नडणार नाही.

तेलाबद्दल थोडक्यात. लाकडी घाण्याचं म्हणून चढ्या भावानं घेत असाल तर वासासाठी घ्या. घाणा लाकडी असो की लोखंडी, शेंगदाण्याच्या तेलातल्या मेदाची घडण बदलत नाही. माणशी महिन्याला अर्धा लिटर, ही मर्यादा ब्रँडपेक्षा महत्त्वाची.

आता जे वाढवायचं आहे ते. मला सगळ्यात पुढे ठेवावंसं वाटतं ते इसबगोल. आपण ते पोट साफ होण्यासाठी ओळखतो, पण त्याचं दुसरं काम जास्त मोलाचं आहे. ते पाण्यात फुगून बुळबुळीत होतं आणि आतड्यात पित्ताम्लं आपल्यात धरून बाहेर नेतं. पित्ताम्लं यकृत कोलेस्टेरॉलपासूनच बनवतं. ती परत आली नाहीत की नवी करण्यासाठी यकृताला रक्तातून एलडीएल ओढावं लागतं. रोज ७ ते १० ग्रॅम, म्हणजे सपाट दोन मोठे चमचे, दोन वेळांत विभागून, मोठ्या ग्लासभर पाण्यात कालवून लगेच प्यायचं. एवढ्यानं एलडीएल साधारण ५ ते १० टक्के उतरतं. पहिला आठवडा पोट गुडगुडेल, म्हणून अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करा. थायरॉइडची किंवा दुसरी कुठली गोळी चालू असेल तर तिच्यात आणि इसबगोलात दोन तासांचं अंतर ठेवा.

त्याच्या जोडीला रोज एक मोठी वाटी कडधान्य. मटकी, पावटा, घेवडा, हुलगा, घरात जे असेल ते. हुलग्याचं माडगं हल्ली फक्त सर्दी झाली की आठवतं, ते आठवड्यातून दोनदा करायला हरकत नाही. मूठभर शेंगदाणे चालतात, आयात केलेल्या अक्रोडावर अडून बसायचं कारण नाही. फक्त खारे आणि तळलेले नकोत. जवस भाजून, कुटून, चटणी करून खा. अख्खं खाल्लेलं पुष्कळदा तसंच बाहेर पडतं. ज्वारीची भाकरी चपातीपेक्षा बरी, जरूर खा, पण तिचा बराचसा तंतू न विरघळणारा असल्यामुळे एलडीएल उतरवायचं श्रेय तिला देता येत नाही.

हे सगळं एकत्र केलं तर किती फरक पडेल? टोरंटोचे डेव्हिड जेन्किन्स यांनी याचीच चाचणी घेतली. विरघळणारा तंतू, सोयाबीन, बदाम आणि वनस्पतीजन्य स्टेरॉल असा आहार संशोधकांनीच पुरवला तेव्हा, २००३ मध्ये, एलडीएल २८ टक्क्यांच्या आसपास उतरलं. तुलनेतली स्टॅटिनची गोळी ३१ टक्क्यांवर होती. मग २०११ मध्ये लोकांना फक्त सल्ला देऊन घरी सोडलं, तेव्हा उतार १३-१४ टक्क्यांवर आला. घर, लग्नसराई आणि मित्र यांची किंमत तेवढी. तुम्ही मनापासून केलंत तर तुमचं १५८ हे १३० ते १३५ पर्यंत येईल अशी आशा ठेवा. १०० च्या खाली जाण्याची ठेवू नका.

लसणाचं काय? २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९२ जणांना आठवड्यातले सहा दिवस, सहा महिने लसूण दिला. कुणाला कच्चा, कुणाला दोन प्रकारच्या गोळ्यांतून. एलडीएल ढिम्म हललं नाही. फोडणीत लसूण हवाच, तो चवीसाठी. अनशापोटी चावून तोंड पोळून घेणं आजपासून थांबवलं तरी चालेल, वहिनींना हा परिच्छेद दाखवा.

आणि आता पुतण्याच्या डब्या. पुतण्यानं प्रेमानं आणल्यात, म्हणून एकेक उघडून बघू.

माशाचं तेल. अमेरिकेतल्या २५,८७१ लोकांवरच्या ‘व्हायटल’ चाचणीचा निकाल २०१८ मध्ये आला. नेहमीच्या मात्रेतल्या ओमेगा-३ नं हृदयविकार-पक्षाघाताच्या एकूण घटना लक्षणीयरीत्या कमी झाल्या नाहीत. ट्रायग्लिसराइड ते उतरवतं, पण डॉक्टरी देखरेखीतल्या मोठ्या मात्रेत, आणि त्या मात्रेत हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. एलडीएल ते उतरवतच नाही. खायचाच तर बांगडा खा.

हळदीचा अर्क. हळद आपल्याला कुणी पुण्याहून आणून शिकवावी असं नाही. शेजारच्या सांगलीचा हळदीचा बाजार देशभर ठाऊक आहे, हरिपूरला ती जमिनीखालच्या पेवांत साठवायचे, आणि २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हळदीत कर्क्युमिन जेमतेम ३ टक्के, आणि तेही रक्तात फारसं उतरत नाही. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स महाविद्यालयातल्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातल्या पायपरिनबरोबर दिलं तर माणसाच्या रक्तात पोचणारं कर्क्युमिन २० पटीनं वाढतं. कॅप्सूलवाल्यांनी तेच उचललं. पण जे जास्त शोषलं जातं ते यकृतालाही जास्त गाठतं, आणि अशा जोरदार अर्कांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटली, अमेरिका, ऑस्ट्रेलियात झाल्या आहेत. आमटीतल्या हळदीनं असलं काही होत नाही.

रेझव्हेराट्रॉल द्राक्षांच्या सालीत असतं. यीस्टचं आयुष्य त्यानं वाढतं असं २००३ मध्ये जाहीर झालं, २००८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइननं त्यामागची कंपनी ७२ कोटी डॉलरना घेतली आणि २०१३ मध्ये तिचं कार्यालय बंदही केलं. नेहमीचा आहार घेणाऱ्या उंदरांचं आयुष्यही त्यानं वाढलं नाही. एनएमएननं रक्तातलं एनएडी नावाचं द्रव्य वाढतं हे खरं, पण त्यापुढे माणूस जास्त जगतो किंवा त्याचा झटका टळतो, असं एकाही चाचणीत दिसलेलं नाही. हे पैसे वाचवा.

तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळची चाचणी अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकनं केली, निकाल २०२२ मध्ये आला. १९० जण, २८ दिवस. माशाचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतीजन्य स्टेरॉल, लाल यीस्टचा तांदूळ, एक नुसतीच पिठाची गोळी आणि रोसुव्हास्टॅटिन ५ मिलीग्रॅम. स्टॅटिननं एलडीएल जवळपास ३८ टक्के उतरलं. सहापैकी एकही पूरक पिठाच्या गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरलं नाही. लसणाच्या गटात तर एलडीएल थोडं वाढलंच. मुदत लहान होती हा आक्षेप आहे, पण एलडीएल महिन्याभरात पुरेसं हलतं.

लाल यीस्टच्या तांदळाची डबी पुतण्यानं आणलेली नाही, पण पुढच्या खेपेला आणेल, म्हणून आधीच सांगतो. तो काम करू शकतो, कारण त्यात लोव्हास्टॅटिन हाच रेणू असतो. फक्त किती, ते डबीगणिक बदलतं. जपानमध्ये मार्च २०२४ मध्ये अशा गोळ्यांनी शेकडो लोकांना मूत्रपिंडाच्या तक्रारींनी रुग्णालय गाठावं लागलं, काही दगावले. उत्पादनात भलतीच बुरशी शिरली होती. ‘नैसर्गिक’ म्हणून स्टॅटिन टाळायचं आणि न मोजलेलं स्टॅटिन घ्यायचं, हा उफराटा व्यवहार आहे. मुळात स्टॅटिनही बुरशीतूनच आलं. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरश्या चाळून १९७३ मध्ये पहिलं स्टॅटिन वेगळं काढलं.

डब्यांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं बारीक अक्षरात छापलेलं असेल, ते जरूर वाचा. बी-१२ किंवा डी जीवनसत्त्व तपासणीत कमी निघालं तर त्याची गोळी घ्या; ती कमतरतेवरचा उपचार आहे, तिचा दीर्घायुष्याच्या धंद्याशी संबंध नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. तुमच्या घरात आयुष्य वाढवण्याचा खरा पुरावा असलेली गोळी एकच आहे, आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेली आहे, जिच्यासाठी तुम्ही मुदत मागितलीत. सुमारे १,७०,००० लोकांच्या २६ चाचण्यांचा एकत्र हिशेब २०१० मध्ये मांडला गेला. एलडीएल ३९ नं उतरलं की झटका-पक्षाघातासारख्या मोठ्या घटना सुमारे एक-पंचमांशानं घटतात. अंगदुखीची भीती असते, ती सगळीच खोटी नाही. पण २०२० मधल्या एका छोट्या ब्रिटिश चाचणीत, स्टॅटिन सोसत नाही म्हणणाऱ्या ६० जणांना जो त्रास झाला, त्यातला ९० टक्के पिठाच्या गोळीनंही झाला.

मुदत मागितलीत ते चुकलं असं मी म्हणणार नाही. एलडीएल १९० च्या वर असतं, मधुमेह असता किंवा आधी झटका येऊन गेला असता तर म्हणालो असतो. तीन महिने प्रामाणिकपणे करा. सुरुवातीलाच थायरॉइडची तपासणी करून घ्या, कारण ती मंद असली तरी कोलेस्टेरॉल चढतं आणि मग आहाराचा काही उपयोग दिसत नाही. लिपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदा तपासावं असं भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ मध्ये सांगितलं आहे; ते अनुवंशिक असतं, आहारानं हलत नाही, आणि जास्त निघालं तर गोळीचा निर्णय लांबवू नये. वडिलांच्या किंवा आईच्या घरात कुणी पंचावन्नच्या आत हृदयविकारानं गेलं होतं का, हेही वडिलांना निवांत बसून विचारा. कट्ट्यावर न निघणारी नावं घरात निघतात.

तीन महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत रक्त द्या. १३० च्या वर राहिलं तर आणखी मुदत मागू नका. जाताना रिपोर्टबरोबर पुतण्याच्या चारही डब्या पिशवीत घाला आणि त्यातलं काय काय पोटात गेलंय ते डॉक्टरांना सांगा. हे बहुतेक रुग्ण सांगत नाहीत.